डायनॅमोला हरवून ताव्रिया विजेता कसा ठरला? युक्रेनच्या पहिल्या फुटबॉल लीगविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोव्हिएत काळात डायनॅमो कीव्हने १३ वेळा लीग जिंकली. मग स्वतंत्र युक्रेनच्या पहिल्याच मोसमात, १९९२ साली, क्रिमियातल्या सिम्फेरोपोलचा ताव्रिया विजेता कसा झाला? त्या मोसमाला खरी लीग म्हणावं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : म्हणावंच. मात्र त्या लीगचा आराखडा वेगळा होता, आणि तो समजला की निकालाचं कोडंही सुटतं.

डिसेंबर १९९१ मध्ये सार्वमतानं स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब झालं. सोव्हिएत मोसम वसंतात सुरू होऊन शरदात संपायचा. युक्रेनला मात्र युरोपातल्या बहुतेक देशांसारखा शरद ते वसंत असा मोसम हवा होता. त्यामुळे मधे उरला मार्च ते जूनचा तुकडा, आणि त्यातच पहिली लीग बसवायची होती. संघ घेतले २०. त्यांतले सहा सोव्हिएत सर्वोच्च श्रेणीतले : डायनॅमो कीव्ह, द्नीप्रो, शाख्तार, मेटॅलिस्ट, चोर्नोमोरेट्स आणि झापोरिझ्झियाचा मेटालुर्ह. ताव्रिया आणि चेर्निव्त्सीचा बुकोव्हिना हे दुसऱ्या श्रेणीतून आले, तर उरलेले बारा त्याहून खालच्या पायऱ्यांवरून.

आता हिशेब मांडा. २० संघांची दुहेरी साखळी (प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ) म्हणजे प्रत्येकी ३८ सामने आणि एकूण ३८०. चार महिन्यांत ते शक्यच नव्हतं. म्हणून दहा-दहाचे दोन गट पाडले. प्रत्येकाला १८ सामने, दोन्ही गटांचे मिळून १८०. दोन्ही गटविजेत्यांची गाठ तटस्थ मैदानावर एकाच सामन्यात पडणार होती. खरी मेख इथेच आहे. ३८ सामन्यांच्या लीगमध्ये मोठ्या संघाची चूक पुढे भरून निघते, इथे डायनॅमोच्या हाती शेवटी ९० मिनिटंच होती.

२१ जून १९९२ रोजी ल्विव्हमध्ये तो सामना झाला. ७५व्या मिनिटाला सेर्ही शेवचेन्कोनं गोल केला आणि ताव्रिया १-० असा जिंकला. (हा तो जगप्रसिद्ध आंद्री शेवचेन्को नव्हे, आंद्री तेव्हा १५ वर्षांचा होता.) तिसऱ्या क्रमांकासाठीच्या सामन्यात द्नीप्रोनं शाख्तारला ३-२ असं हरवलं.

तरी या विजेतेपदाला नशिबाचा खेळ म्हणणं आम्हाला पटत नाही. प्रशिक्षक अनातोली झायायेव यांच्या संघानं आधी शाख्तार ज्या गटात होता तो गट जिंकला होता. मोसमातले सर्वाधिक, १२ गोल ताव्रियाच्याच युरी हुदिमेन्कोच्या नावावर आहेत. शिवाय १९८६ साली युरोपियन कप विनर्स कप जिंकणाऱ्या डायनॅमोचा तो दरारा उरला नव्हता. झावारोव, बेलानोव, मिखाइलिचेन्को, प्रोतासोव, ओलेह कुझ्नेत्सोव असे एकेक जण १९८८ ते १९९० दरम्यान परदेशी क्लबांत गेले होते.

प्रश्न : १९९२-९३चा गुणतक्ता पाहिला. डायनॅमो ४४, द्नीप्रो ४४. ३० सामन्यांत इतके कमी गुण? आणि विजेता कसा ठरवला?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तेव्हा विजयाला दोन गुण होते, तीन नव्हेत. म्हणजे ६०पैकी ४४. गुण समान राहिल्यावर सरस गोलफरकामुळे (केलेले वजा खाल्लेले गोल) डायनॅमो विजेता ठरला. त्या काळचे तक्ते आजच्या तक्त्यांशी ताडून पाहताना ‘गुण’ हा रकाना बाजूला ठेवा आणि विजय-बरोबरी-पराभव यांवरून मोजा. त्या मोसमात १६च संघ का, हेही पुष्कळांना अडतं. पहिल्या मोसमात दोन्ही गटांतले तळाचे तीन-तीन संघ खाली गेले आणि खालून वेरेस रिव्ने व क्रिव्बास हे दोन वर आले. २० वजा ६ अधिक २.

प्रश्न : रशियाकडून खेळलेला त्सिम्बालार युक्रेनचा होता असं ऐकलं. खरं आहे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : खरं आहे. इल्या त्सिम्बालार ओडेसाचा. १९९२च्या पहिल्या युक्रेन कपच्या अंतिम सामन्यात चोर्नोमोरेट्सनं मेटॅलिस्टला जादा वेळेत १-० हरवलं, तो गोल त्याचाच. त्याच वर्षी तो युक्रेनकडून खेळला आणि पुढे रशियाकडून.

कारण साधं होतं. १९९४च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतली सोव्हिएत संघाची जागा रशियाला मिळाली. युक्रेनचा संघ २९ एप्रिल १९९२ रोजी उझ्होरोदमध्ये हंगेरीशी पहिला सामना खेळला (१-३ असा हरला), पण पात्रता फेरीत त्याला उतरताच आलं नाही. ती संधी थेट युरो ९६च्या, म्हणजे १९९६च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या, वेळी आली. खेळाडूची उमेदीची वर्षं थोडी. कान्चेल्स्किस, ओनोप्को, युरान, निकिफोरोव हे युक्रेनमध्ये जन्मलेले खेळाडूही रशियाकडून खेळले. त्यांना दोष देण्याआधी हा तिढा ध्यानात घ्यावा, असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : माझा मुलगा सिम्फेरोपोलला वैद्यकीय शिक्षण घेत होता. ताव्रियाचं पुढे काय झालं?
— एक वाचक, लातूर

उत्तर : विजेता म्हणून ताव्रिया १९९२-९३च्या चॅम्पियन्स लीगमध्ये गेला. आयर्लंडच्या शेलबर्नला त्यानं ०-० आणि २-१ अशा निकालांनी मागे टाकलं, पण स्वित्झर्लंडच्या सियोंकडून १-४ आणि १-३ असा हरला. लीग पुन्हा कधी जिंकता आली नाही. २०१०मध्ये युक्रेन कप मात्र जिंकला. २०१४ साली रशियानं क्रिमिया ताब्यात घेतल्यावर क्लब मोडला, आणि २०१६मध्ये खेर्सोन प्रांतातल्या बेरिस्लावमध्ये तो पुन्हा उभा केला गेला. १९९३ ते २०२५ या काळात डायनॅमो आणि शाख्तार सोडून कोणीही युक्रेनची लीग जिंकलेली नाही (२०२१-२२चा मोसम युद्धामुळे विजेत्याविना थांबला). म्हणून त्या यादीतलं ताव्रियाचं एकुलतं नाव आम्हाला फार मोलाचं वाटतं.

प्रश्न : आमच्या तालुक्यात १६ संघ आहेत, मुख्य मैदान एकच. युक्रेनसारखे दोन गट करावेत का?
— एक संयोजक, सातारा जिल्हा

उत्तर : करा, पण त्यांच्या आराखड्यातली उणीव भरून काढून. १६ संघांची एकेरी साखळी म्हणजे १२० सामने, आठ-आठच्या दोन गटांत ५६. रोज दोन सामने धरले तर २८ दिवस.

गट चिठ्ठ्या टाकून पाडू नका. गेल्या वर्षीच्या क्रमानं नागमोडी वाटा : अ गटात १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ आणि ब गटात बाकीचे. मग गट समतोल राहतात. सामन्यांच्या वेळापत्रकासाठी गटातली आठ नावं चार-चारच्या दोन ओळींत समोरासमोर लिहा. समोरासमोरचे संघ भिडतील. पहिलं नाव जागेवर ठेवून बाकीची सात दर फेरीला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एक घर पुढे सरकवा. सात फेऱ्यांत सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडते.

गटविजेत्यांचा थेट अंतिम सामना ठेवू नका. दोन्ही गटांचे पहिले दोन घ्या आणि उपांत्य सामन्यात अ-१ विरुद्ध ब-२, ब-१ विरुद्ध अ-२ अशी गाठ घाला. फक्त दोन सामने वाढतात, पण गटात दुसरा आलेला चांगला संघ हकनाक बाहेर जात नाही.

भांडणं होतात ती शेवटच्या फेरीत. उशिरा खेळणाऱ्या संघाला किती गोल हवेत ते आधीच कळलेलं असतं. म्हणून ज्या सामन्यांवर पुढची वाट ठरणार आहे, ते एकाच वेळी सुरू करा. त्या दिवसापुरतं शाळेचं मैदान मागून घ्या. गुण समान झाले तर आधी आपसातला निकाल, मग गोलफरक, मग केलेले गोल, हा क्रम स्पर्धेआधी लेखी द्या आणि संघप्रमुखांच्या सह्या घ्या. गोलफरक पहिला ठेवलात तर दुबळ्या संघावर दहा-दहा गोल चढवायची चढाओढ लागते. एखादा संघ मधेच सोडून गेला तर : निम्म्याहून कमी सामने झाले असतील तर त्याचे सगळे निकाल रद्द, जास्त झाले असतील तर उरलेल्या सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला ३-० असा विजय. हाही नियम त्याच कागदावर घाला.