मित्रांच्या लाईकवरून मला काय दिसायचं ते ठरतं का?

तुम्ही विचारलंय, कधी शोधलंही नाही ते फेसबुकवर समोर कसं येतं, त्यात मित्रांच्या लाईक-शेअरचा हात किती, आणि आपलं लाईक इतरांना दिसतं का. शेवटचं आधी सांगतो, कारण ते मला ठेच लागून कळलं.

मी औसा तालुक्यातला, सोयाबीनवाला. दोन वर्षांमागं ऐन फुलोऱ्यात एका टॉनिकचा व्हिडिओ आला. अर्धाच बघितला, अंगठा दाबला आणि जनावरं सोडायला गेलो. आठ दिवसांनी चुलतभावाच्या ओसरीवर त्याच टॉनिकच्या चार बाटल्या. विचारलं तर म्हणाला, "दादा, तुझंच नाव होतं की तिथं. म्हणलं, दादाला आवडलंय म्हणल्यावर चांगलंच असंल." त्यानं तीन एकर फवारलं. बांधाकडच्या सहा ओळी औषध संपलं म्हणून राहिल्या होत्या. काढणीआधी आम्ही दोन्हीकडची झाडं उपटून शेंगा मोजल्या. फरक काहीच नव्हता. पैसे त्याचे गेले, आणि ते माझ्या शब्दावर गेले, जो मी दिलाच नव्हता.

म्हणजे हो, दिसतं. फेसबुकवर लाईकचं बटण फेब्रुवारी २००९ मध्ये आलं, आणि एप्रिल २०१० पासून ते बाहेरच्या वेबसाइटवरही लावता येऊ लागलं. मग बातमीखाली मित्रांची नावं दिसू लागली. गूगलनंही २०११ मध्ये लाईकसारखंच 'प्लस वन'चं बटण आणलं होतं. अनोळखी दुकानदारानं काही सांगितलं तर आपण दहा प्रश्न विचारतो. सोयऱ्यानं सांगितलं तर पिशवी घेऊन निघतो. या बटणांचं सगळं बळ त्या विश्वासात आहे. जानेवारी २०१८ मध्ये तर फेसबुकनं जाहीरच केलं, की मित्र-नातेवाइकांच्या आणि ज्यांवर चर्चा होते अशा पोस्टना फीडमध्ये, म्हणजे फेसबुक उघडल्यावर समोर येणाऱ्या यादीत, जास्त जागा मिळेल.

मित्राचं नाव न दिसताही असर होतोच. तुमच्यासारखंच बघणाऱ्यांनी पुढं काय बघितलं, त्यावरून तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज बांधला जातो. आणि बाहेरच्या वेबसाइटवरचं लाईकचं बटण फेब्रुवारी २०२६ मध्ये बंद झालं, पण तोवर ते पानावर नुसतं असलं, तुम्ही त्याला हात लावला नाही, तरी ते पान तुम्ही उघडल्याचं फेसबुकला कळू शकायचं.

पण मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. माझे बहुतेक मित्र दोन-तीन तालुक्यांतले, सगळे सोयाबीनवाले. त्यामुळं तेच भाव, तीच फवारणी, तीच अफवा फिरून फिरून येते, आणि पाच जणांनी शेअर केली की पाच साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं. खरं तर पाचही जणांनी ती एकाच ठिकाणाहून उचललेली असते. व्हॉट्सॲपवर निदान दोन बाणांची खूण दिसते, की मेसेज बराच फिरून आलाय.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं, की नवी खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. जिवलगांना ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. मला हे पटतं. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या मेळाव्यात वसमतचे एक गृहस्थ शेजारी बसले होते. नंतर फेसबुकवर जोडले गेलो, बोलणं जवळपास नाहीच. पण हार्वेस्टरनं काढायला सोपं पडणारं उंच वाण, एमएयूएस १६२, मला त्यांच्या पोस्टवरूनच कळलं. आमच्या ग्रुपात त्याचा कुणी विषयही काढला नव्हता.

म्हणून माझं ऐकाल तर बाहेरगावची, वेगळं पीक घेणारी, वेगळा धंदा करणारी चार माणसं मुद्दाम जोडा आणि त्यांच्या पोस्टवर थांबून वाचा. हळूहळू समोर येणारं बदलतं. फेसबुकच्या जाहिरातींच्या सेटिंगमध्ये, तुमचं लाईक जाहिरातीसोबत कुणाला दिसावं हेही ठरवता येतं. मी ते 'फक्त मी' करून टाकलंय, आणि चुलतभावाच्या फोनमध्येही करून दिलंय.