कहानामोकू : पाच अक्षरांचं आडनाव

ऑलिम्पिकच्या इतिहासावरच्या एकाच मजकुरात एका वाचकाला 'ड्यूक कहनमोकू' आणि 'ड्यूक काहानामोकु' अशी दोन रूपं दिसली. त्यांनी विचारलं आहे : यातलं बरोबर कोणतं, ड्यूक ही पदवी होती का, आणि या आडनावाचा अर्थ काय?

पदवीचं आधी सांगतो. ड्यूक हे हवाईच्या या ऑलिम्पिक जलतरणपटूचं पाळण्यातलं नाव. १८६९ साली एडिंबराचे ड्यूक, म्हणजे राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव आल्फ्रेड, जहाजानं हवाईला आले होते. त्याच वर्षी जन्मलेल्या एका मुलाला त्या भेटीची आठवण म्हणून 'ड्यूक' हे नाव मिळालं, आणि त्यानं पुढे आपल्या थोरल्या मुलाला तेच दिलं. तो थोरला मुलगा म्हणजे आपला जलतरणपटू, जन्म १८९०. हेच आल्फ्रेड त्याच सफरीत १८७० साली मुंबईलाही आले होते. त्यांच्या नावानं बांधलेलं खलाशांचं वसतिगृह आज महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. मुंबईत त्या भेटीची इमारत उरली, हवाईची राजधानी होनोलुलूत एका घराण्यात नाव उरलं.

पूर्ण नाव ड्यूक पाओआ काहिनु मोकोए हुलिकोहोला कहानामोकू. मराठी वाचक सवयीनं पाओआ हे वडिलांचं नाव समजेल, पण ते आईचं माहेरचं घराणं.

आता आडनाव. हवाईत पूर्वी आडनावं नव्हती. माणसाला एक नाव असे, ते त्याचंच असे आणि त्याच्याबरोबर संपे. १८६० साली राजा चौथा कामेहामेहा यानं कायदा केला : मुलांनी वडिलांचं नाव घराण्याचं नाव म्हणून लावायचं आणि स्वतःला ख्रिस्ती पद्धतीचं पहिलं नाव घ्यायचं. (पहिल्या नावाची अट थेट १९६७ साली गेली.) अशी एकेका माणसाची नावं गोठून आडनावं झाली. म्हणून तिकडच्या आडनावात आपल्यासारखं गाव किंवा धंदा शोधू नये. तिथे 'कर' लावून काही उलगडत नाही.

अर्थाचा प्रश्न इथेच अवघड होतो. शब्दकोश उघडला तर 'का' हे नामाआधी येणारं उपपद, 'हाना' म्हणजे काम, 'मोकू' म्हणजे बेट, आणि जहाजसुद्धा. हे जोडून 'बेटाचं काम' असं काहीतरी करायचा मोह होतो. तो आवरावा असं माझं ठाम मत आहे. हवाईची नावं बहुधा एखाद्या प्रसंगावरून पडत. शेवटची राणी लिलिउओकलानी हिच्या जन्माच्या वेळी नाव ठेवणाऱ्या राजघराण्यातल्या बाईचे डोळे आले होते, म्हणून बाळाच्या नावांत 'कामाकाएहा', म्हणजे दुखरा डोळा, आलं. प्रसंग ठाऊक नसेल तर त्या शब्दांवरून बाळाचेच डोळे दुखत होते असं कोणीही म्हणेल. नाव फोडून शब्द मिळतात, अर्थ मिळतोच असं नाही.

लेखनाचं मात्र नीट ठरवता येतं. हवाईच्या भाषेत जोडाक्षर नाही आणि प्रत्येक अक्षर स्वरातच संपतं. या आडनावात पाच अक्षरं, पाचही पूर्ण म्हणायची, आणि जोर दुसऱ्या व चौथ्यावर : क-हा-ना-मो-कू. मराठीत आपण लिहितो ते सगळं उच्चारत नाही. 'करमणूक' लिहितो आणि 'कर्मणूक' म्हणतो. तसंच 'कहनमोकू' लिहिलं की तोंडातून 'कहन्मोकू' येतं, एक अक्षर गळतं आणि त्या भाषेत नसलेलं जोडाक्षर तयार होतं. म्हणून 'ना'ला काना हवाच. पहिल्या 'क'ला नको. आरंभीचा अ आपण गिळत नाही आणि मूळ उच्चारही तिथे आखूडच आहे, आपल्या 'कहाणी'तल्यासारखा. शेवटचा उकार मुळात ऱ्हस्व असला तरी मराठीच्या नियमानं दीर्घ लिहावा, होनोलुलूसारखा. तेव्हा 'कहानामोकू'.

प्रत्यय लावताना 'लाडू–लाडवाचा' ही वाट धरू नये. आडनावाला 'नेहरू'ची वाट बरी : कहानामोकूंनी, कहानामोकूंचा. १९१२ साली स्टॉकहोमला कहानामोकूंनी १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं आणि १९२० साली अँटवर्पला ते राखलं. १९१४ च्या डिसेंबरात सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर कहानामोकूंचं फळीवरून लाटेवर उभं राहणं, म्हणजे सर्फिंग, पाहायला लोक जमले. या खेळाला त्यांच्या भाषेत 'हेए नालू' म्हणतात : हेए म्हणजे घसरणं, नालू म्हणजे लाट. फळीला 'पापा'. त्यांची एक पापा कोआ लाकडाची, १६ फूट लांब होती.

एक काळजी मात्र घ्या. नुसतं आडनाव लिहून भागत नाही. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची १०० मीटर फ्रीस्टाइलची यादी पाहा : पहिला जॉनी वाइसमुलर, दुसरा कहानामोकू, तिसरा कहानामोकू. दुसरे ड्यूक, तिसरा त्यांचा धाकटा भाऊ सॅम.