भावाला टीबी आणि एचआयव्ही एकदमच निघालं. दोन्हींची औषधं सोबत चालतील का, आणि घरात कुणाला सांगायचं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. धाकटा भाऊ तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानात आहे. दोन-तीन महिने संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं, मानेला गाठी. तिकडे सगळ्यांनी 'ॲसिडचा धूर बाधला' म्हणून सोडून दिलं. गावी आल्यावर गाठीत सुई घालून तपासलं तर टीबी निघाला, मग एचआयव्हीही पॉझिटिव्ह आला. टीबीच्या गोळ्या लगेच मिळाल्या, एचआयव्हीच्या मात्र 'पुढच्या आठवड्यात या' म्हणाले. हा उशीर कशासाठी, तो वाचेल का, आणि आई-वडिलांना, त्याच्या बायकोला काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगलीच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातलीच, त्यामुळे गलाईचं मला वेगळं सांगायला नको. डॉक्टर नाही. सरकारी केंद्रात समुपदेशक म्हणून याच दोन आजारांच्या माणसांशी बोलण्यात बरीच वर्षं गेली.

वाचेल का, ते आधी. औषधं वेळेत सुरू झाली आणि मध्ये तुटली नाहीत, तर अशी माणसं बरी होऊन पुन्हा कामाला लागतात. टीबी पूर्ण बरा होतो. एचआयव्ही जात नाही, पण रोजच्या गोळीने दबून राहतो. २००४ च्या आधी हे गरीब माणसाला सांगायची सोय नव्हती, कारण औषधं होती पण परवडत नव्हती. त्या वर्षी १ एप्रिलला सरकारने ती मोफत द्यायला सुरुवात केली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक.

दोन्ही एकदम निघणं म्हणजे दुहेरी दुर्दैव नव्हे, एकामागोमाग आलेलं आहे ते. टीबीचे जंतू आपल्याकडे असंख्य लोकांच्या अंगात झोपून असतात आणि शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. एचआयव्ही असेल आणि उपचार नसतील, तर हाच धोका दर वर्षी १० टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी करायची आणि एआरटी (म्हणजे एचआयव्हीची औषधं) देणाऱ्या केंद्रावर दर भेटीला खोकला, ताप, वजन, रात्रीचा घाम हे चार प्रश्न विचारायचे, असा नियम आहे. तुमच्या भावावर कुणी संशय घेतला म्हणून ती तपासणी केली नाही, एवढं त्याला जरूर सांगा. बऱ्याच जणांच्या मनात तोच काटा असतो.

निदानाबद्दल एक गोष्ट विचारून घ्या. अशा रुग्णात बेडका निगेटिव्ह येऊ शकतो, एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, तरी टीबी असतो. प्रतिकारशक्ती कमी असली की फुप्फुसात पोकळ्या पडत नाहीत, त्यामुळे बेडक्यात जंतू कमी सापडतात, आणि आजार गाठी, पोट, छातीतलं पाणी, मेंदू असा कुठेही जातो. गाठीतला नमुना नुसता सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असेल तर तेवढ्यावर थांबू नका. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे टीबीचे जंतू यंत्रावर जनुकांवरून ओळखायची तपासणी, झालं का विचारा. (ट्रूनॅटचं यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं.) रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडणार की नाही, ते या तपासणीत काही तासांत कळतं. लागू पडणार नसेल तर उपचारच बदलतात. पुन्हा नमुना द्यायची वेळ आली तर तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला नको. त्यातून जंतू वाढवून बघता येत नाहीत.

आता उशिराचं. तो उशीर नाही. टीबीची औषधं आधी आणि एआरटी त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, हाच क्रम आहे. फक्त मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर चार ते आठ आठवडे थांबतात. एआरटीने प्रतिकारशक्ती जागी झाली की ती आधीच अंगात असलेल्या टीबीवर तुटून पडते. मग गाठी आणखी सुजतात, ताप परत येतो, कधी गाठ फुटून पू येतो. एआरटी सुरू केल्यापासून पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे होऊ शकतं. घरचे म्हणतात, 'गोळ्यांनीच बिघडला.' आणि गोळ्या बंद होतात. तुम्ही तसं होऊ देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा औषधं चालू ठेवूनच ते आटोक्यात आणतात.

दोन्ही औषधं सोबत चालतात, पण रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की एचआयव्हीच्या गोळीतलं डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध रक्तात टिकत नाही. म्हणून एचआयव्हीच्या रोजच्या एकत्रित गोळीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी देतात, आणि टीबीची औषधं संपल्यावरही आणखी दोन आठवडे. ती दिली नाही तर मागून घ्या. दुसरं असं की टीबीच्या गोळ्यांनी पित्त होतं आणि माणसं मेडिकलमधून ॲसिडिटीचं गुलाबी औषध आणतात. ते डोल्युटेग्रॅव्हिरच्या गोळीला शोषूच देत नाही. घ्यायचंच असेल तर गोळीनंतर दोन तासांनी किंवा गोळीच्या सहा तास आधी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही डॉक्टरांना विचारा. लघवी केशरी होईल, तिला घाबरू नका. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. दारू या काळात अजिबात नाही.

घरात कुणाला सांगायचं, हा मला यातला सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो. बहुतेक घरांत काय होतं, तर टीबी सांगतात आणि त्याच्या आडोशाला एचआयव्ही लपवतात. सहा महिने ते खपूनही जातं, कारण गोळ्या टीबीच्या म्हणून चालतात. मग कोर्स संपतो. आई म्हणते, 'झाला ना बरा? आता कसल्या गोळ्या?' मग डबा धान्याच्या कणगीमागे जातो, एक दिवस चुकतो, आठवडा चुकतो. ज्यांची एआरटी तुटली, त्यांतल्या अनेकांची या सातव्या महिन्यात तुटलेली मी पाहिली आहे. म्हणून घरात किमान एका माणसाला खरं ठाऊक हवं. तुम्हाला आहेच, म्हणजे अर्धं काम झालं.

पण बाकी कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवायचं नाही, त्याने ठरवायचं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार त्याच्या संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही, नोकरीवरून काढताही येत नाही. आशाताईंना टीबीचं कळेल, एचआयव्हीचं कळायचं कारण नाही. बायकोचं वेगळं आहे. तिची तपासणी लवकर व्हायलाच हवी, आणि ते त्याच्याच तोंडून, समुपदेशकासमोर सांगितलं जावं. निकाल काहीही येवो, दोष तिच्या माथी मारून तिला माहेरी पाठवायचा उद्योग आपल्याकडे होतो, तो तुम्ही रोखा. त्याचा व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला की संबंधांतून तिला एचआयव्ही लागत नाही. तोपर्यंत कंडोम.

ताट-वाटी वेगळी काढली असेल तर परत एकत्र करा. दोन्हींपैकी एकही आजार ताटातून येत नाही. नुसत्या गाठींचा टीबी दुसऱ्याला लागतही नाही, फक्त फुप्फुसात नाही ना एवढं पाहून घ्या, आणि घरातल्या लहान मुलांची तपासणी करून घ्या. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये बँक खात्यावर येतात, त्यासाठी पासबुक दिलं नसेल तर द्या.

तो तिकडे परत जायची घाई करतोय, असं तुम्ही लिहिलंय. पहिले दोन-तीन महिने तरी त्याला इथेच ठेवा. मग जाताना निक्षय आयडी (टीबीच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक), एआरटी केंद्राची ट्रान्सफरची चिठ्ठी आणि हातात एक महिन्याच्या गोळ्या. दोन्ही औषधं तिथल्या सरकारी केंद्रातही फुकट मिळतात. जवळचं केंद्र कुठलं ते १०९७ या एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करून निघायच्या आधीच विचारून घ्या, आणि भट्टीजवळच्या धुरात काम करायचं की नाही ते डॉक्टरांना.