फायर एम्ब्लेमसारखा डोकं खाणारा गेम सर्वसामान्य लोकांना एवढा का आवडतो?

तुम्ही विचारलंय की चौकोन मोजत सोंगट्या हलवायच्या, एकेक लढाई तासभर चालायची, अशा गेमला एवढं पब्लिक मिळालं कुठून, आणि नवीन माणसानं सुरुवात कुठून करावी. दुसऱ्याचं शेवटी बघू, राहिलं तर राहिलं. पहिल्यावर सगळे 'स्ट्रॅटेजी लई भारी आहे' म्हणून मोकळे होतात. साफ चूक. स्ट्रॅटेजीवर पब्लिक येत असतं तर गल्लोगल्ली बुद्धिबळाचे क्लब निघाले असते.

माझा पुरावा म्हणजे माझी आजी.

2006 चा मे महिना. अशोक चौकाच्या मागं आमचं घर, खाली काकांचे पॉवरलूम, वर आम्ही सगळे. माझा चुलतभाऊ, दादा, बारावी देऊन रिकामा बसलेला. नवी पेठेतल्या एका सायबर कॅफेतून त्यानं एम्युलेटर (म्हणजे दुसऱ्या मशीनचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) आणि निन्टेन्डोच्या गेमबॉय ॲडव्हान्स या हातातल्या मशीनचे चाळीसेक गेम सीडीवर भरून आणले होते (पायरेटेड, माहीत आहे, पण गड्ड्याच्या जत्रेत मिळणाऱ्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमपलीकडं तेव्हा सोलापुरात आम्हाला काय मिळत होतं सांगा). त्यात एक होता, नाव नुसतंच फायर एम्ब्लेम. जपानमध्ये निन्टेन्डोची ही मालिका 1990 पासून चालू होती आणि हा सातवा, पण जपानबाहेर अधिकृतपणे आलेला पहिला, 2003 चा. हे आम्हाला लई नंतर कळलं. तेव्हा घोडे आणि तलवारी दिसल्या, बास झालं.

कॉम्प्युटरच्या खोलीतच कूलर होता म्हणून आजी दुपारी तिथंच सूप घेऊन चटणीच्या शेंगा फोडत बसायची. तिला इंग्रजीचा गंध नाही, मग दादा सगळं मराठीत सांगायचा, ही लिन, गवताळ मुलखातली, ही तिची मैत्रीण फ्लोरिना, पंखांच्या घोड्यावरून लढते पण पुरुषमाणूस दिसला की घाबरते. आजी म्हणाली, "मग लढाईत कशाला आली बाई ती?" आणि दुसऱ्या दिवशी जेवताना आपणहून विचारलं, "ती घोडेवाली पोरगी बरी हाय का?" मग रोजचंच झालं ते.

त्याच सीडीवर ॲडव्हान्स वॉर्स होता. तोही फायर एम्ब्लेम बनवणाऱ्या इंटेलिजंट सिस्टिम्स कंपनीचाच, तसेच चौकोन, तशाच टर्न. दादाच्या मते डावपेचात तो वरचढ, आणि मलाही ते पटतं. पण त्यात रणगाडा फुटला की पैसे टाकून कारखान्यातून दुसरा काढायचा. आजीनं एकाही रणगाड्याची चौकशी केली नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे, प्याद्याला नाव दिलं, तोंड दिलं, एक मैत्रीण दिली, आणि मग सांगितलं की हे मेलं तर परत येणार नाही.

मैत्रीपण कशी, तर दोघांना शेजारी शेजारी उभं करून टर्न घालवत राहिलं की त्यांचं बोलणं उघडतं, आधी सी, मग बी, मग ए. लोक जिंकलेली लढाई मुद्दाम दहा टर्न लांबवायचे, का तर या दोघी जरा बोलतील.

तर फ्लोरिना मेली. धनुष्यवाल्याची रेंज न बघता दादानं तिला भिंतीच्या कडेला नेऊन ठेवली, पलीकडून एक बाण आला आणि संपलं (पंखांच्या घोड्याला बाण म्हणजे यमच, दादाला ते माहीत होतं, घाई केली). आजी म्हणाली, "परत लाव की मग, खेळच हाय." दादा म्हणाला, "तसं नसतंय आजी, मेली म्हणजे मेली, नियम आहे." आणि रात्री अर्धीच भाकरी खाऊन उठला.

आता माझा गुन्हा. एम्युलेटरला सेव्ह स्टेट असते, म्हणजे गेमच्या कुठल्याही क्षणाचा जसाच्या तसा फोटो, पाहिजे तेव्हा तिथून परत सुरू. तेव्हा लोडशेडिंगचं काही खरं नव्हतं. खालचे लूम गप्प झाले की लाईट गेली समजायचं, बटण दाबून बघायची गरजच नाही. म्हणून दादा प्रत्येक लढाईच्या सुरुवातीला एक स्टेट घ्यायचा, फक्त लाईट गेली तरच वापरायची असं स्वतःशी ठरवून. मी रात्री दोनला उठले, ती लोड केली, पूर्ण लढाई परत खेळले, फ्लोरिनाला मागंच ठेवलं आणि त्याच्याच फाइलवर सेव्ह करून झोपले. सकाळी आधी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस."

दादा पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. बोलायला लागला तो थेट "चीटर" म्हणूनच. त्यानंतर लग्न असो, बारसं असो, "हिला विचारा, ही मेलेल्यांना उठवते" हा त्याचा ठरलेला जोक. माझ्या लग्नात स्टेजवर येऊनसुद्धा.

म्हणून आता जरा हिशोब मांडते. 2010 मध्ये, जपानमध्येच निघालेल्या, निन्टेन्डोच्या डीएस या मशीनवरच्या गेममध्ये, कंपनीनं स्वतः कॅज्युअल मोड आणला. पडलेला माणूस पुढच्या लढाईला परत हजर. मग 2012 चा अवेकनिंग. तेव्हा मालिकेचा खप इतका घसरला होता की अडीच लाखांच्या खाली गेला तर हा शेवटचा, असं बनवणाऱ्यांना सांगून ठेवलेलं. मग त्यांनी होतं नव्हतं ते सगळं त्यात ओतलं, कॅज्युअल मोड ठेवला, बोलणं लग्नापर्यंत नेलं, लग्नातून झालेली पोरं भविष्यातून येऊन आईबापाच्या शेजारी लढतात हेही घातलं, आणि गेम अडीच लाखांच्या कितीतरी पुढं गेला. 2017 ला एकोज या पुढच्या गेममध्ये वेळ मागं फिरवायचं चक्र आलं. 2019 च्या थ्री हाउसेसमध्ये डिव्हाइन पल्स, चुकीची चाल केली की दाबा बटण, व्हा मागं. हा मालिकेतला सगळ्यात जास्त खपलेला गेम. म्हणजे निन्टेन्डोला जे सुचायला 2017 उजाडलं ते मी 2006 ला अशोक चौकात करून बसले होते, आणि आजीनं तर त्याच्या आदल्या दुपारीच सुचवलं होतं.

आणि दादाचं ते 'नियम म्हणजे नियम', त्यात पण गंमत आहे. तेव्हाचा गेमच सरळ नियमानं चालत नव्हता. स्क्रीनवर वार लागायची शक्यता 80 टक्के दाखवायचा, पण आत नशिबाचे दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरायचा, त्यामुळं खरी शक्यता 92 टक्के. आणि 30 दाखवलं तर खरी 18. आपले वार जास्तीचे लागतात, शत्रूचे जास्तीचे चुकतात, आणि आपल्याला वाटतं आपणच हुशार. लोक टिकतात ते अशानं बे. दादा तेव्हा वहीत टक्केवारी मांडून खेळायचा, त्याची सगळी गणितं चूक होती आणि तरी जिंकायचा, आता कळलं ना का?

गेल्या दिवाळीला पुण्यात त्याच्याकडं गेले होते. हिंजवडीत नोकरी, निन्टेन्डोचं स्विच हे गेमिंग मशीन घेतलंय, थ्री हाउसेस चालू. बघते तर काय, साहेब एका लढाईत तीनदा वेळ मागं फिरवतायत. मी नुसतं बघितलं त्याच्याकडं. तर म्हणतो, "हे गेमनंच दिलंय, ते वेगळं." वेगळं काय डोंबलाचं.

बाकी कारणं आहेतच, भरभर सांगते. जपानबाहेर लोकांना ही मालिका आधी कळली ती 2001 च्या स्मॅश ब्रदर्स मेलीमधल्या (निन्टेन्डोच्या वेगवेगळ्या गेममधली पात्रं एकमेकांशी मारामारी करतात तो गेम) मार्थ आणि रॉय या फायर एम्ब्लेमच्या नायकांमुळं, रॉयचा तर स्वतःचा गेमसुद्धा तेव्हा यायचा होता. पुढच्या एका स्मॅशमध्ये यांचे आठ जण झाले, लोक वैतागले, पण नाव तर पोचलं. मोबाइलवर 2017 ला याच मालिकेचा हीरोज आला. आणि थ्री हाउसेसमध्ये तुम्ही मास्तर असता, पोरांना शिकवायचं, चहाला बोलवायचं, आणि मधे पाच वर्षं जाऊन तीच पोरं युद्धात समोरासमोर. ज्याला चहा पाजला त्याच्यावर तलवार चालवायची, हे कळायला स्ट्रॅटेजी यावी लागत नाही.

आता एक कबूल करते, दादा हे वाचणार हे माहीत असूनही. मी वाचवलेल्या फ्लोरिनानं पुढं काय काय केलं ते मला अजिबात आठवत नाही. भिंतीकडची ती मात्र चौकोनासकट आठवते. मग मरण पूर्ण काढून टाकलं असतं तर मालिका एवढी चालली असती का, तर नसती बहुतेक. म्हणून तर क्लासिक मोड, म्हणजे मेला तो मेलाच, अजून ठेवलाय त्यांनी. ज्याला पाहिजे त्यानं तो घ्यावा, माझं भांडण दुसऱ्याला चीटर म्हणण्याशी आहे.

सुरुवात थ्री हाउसेसपासून करा, अवघडपणा नॉर्मल, मोड कॅज्युअल, आणि शिकवायला पोरांचा गट म्हणजे हाउस निवडायचं ते ब्लू लायन्स. हीरोजपासून नको, तिथं नशिबावर पात्रं काढायला पैसे जातात. कुठं अडलात तर विचारा, पण पेगासस, म्हणजे तो पंखांचा घोडा, घेऊन धनुष्यवाल्यासमोर जाऊन मग मला विचारू नका.