बागेतला भोकाचा पैसा

प्रश्न : काका, बेळगावातल्या वडगावच्या बागेत मेटल डिटेक्टर फिरवताना चार बोटं खाली १९४४ चा भोकाचा पैसा सापडला. चिंचेनं घासून लख्ख करू का? आणखी खणलं तर चालेल? – एक वाचक, शहापूर

उत्तर : आधी चिंच बाजूला ठेव, बाळा! माझ्या आजीच्या गाठोड्यातला पाव आणा मी शाळकरी वयात चिंचेनं घासला. तांबूस चमकला खरा, पण त्यावरच्या व्हिक्टोरिया राणीच्या केसांच्या बारीक रेषा कायमच्या गेल्या. अजून हातात घेतला की पोटात कालवतं. साध्या पाण्यात भिजव, मऊ कापडानं टिपून घे, बस्स.

तुझा पैसा १९४३ ते १९४७ च्या काळातला. युद्धात धातू वाचवायला मधोमध भोक पाडलेलं.

खणण्याचं मात्र जपून. बाग पालिकेची, तेव्हा लेखी परवानगी हवीच. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जमिनीत दडलेला दहा रुपयांवरचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांवरचं नाणं हा पुरावशेष, म्हणजे कायद्यानं जपलेली जुनी वस्तू ठरतो. बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या संरक्षित वास्तूच्या आवारात तर यंत्र नेऊच नकोस.

आणि तू वडगावात आहेस! वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहनकालीन, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आली. तिथं नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी पडलंय यावरूनच काळ ठरतो. खुरपीनं उपसलंस की तो पुरावा संपला. जुनं काही दिसलं तर हात न लावता जागेचा फोटो काढ आणि कळव.

भोकाचा पैसा घेऊन एकदा घरी ये. भिंगातून दोघं मिळून बघू.