वाचकांचे प्रश्न : १६० मीटर बँडसाठी दोन लूपची जोडी

प्रश्न : घरामागे २५ मीटर लांबीची मोकळी जागा आहे. १६० आणि ८० मीटर तरंगलांबीच्या रेडिओ बँडवर युरोपातील हॅम (हौशी रेडिओ) केंद्रे ऐकायची आहेत. परंतु प्रक्षेपणाच्या व्हर्टिकल अँटेनावर गोंगाटच जास्त येतो. बेव्हरेज अँटेनाला (जमिनीलगत ताणलेल्या लांबलचक तारेला) जागा पुरत नाही. दोन छोटे लूप (कड्याच्या आकाराचे अँटेना) फेज साधून, म्हणजे त्यांच्या सिग्नलांची वेळ जुळवून, जोडल्यास खरोखर फरक पडेल का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : निश्चित पडेल. या बँडवर वातावरणातला आणि वस्तीतला गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा कितीतरी वरचढ असतो. त्यामुळे ऐकण्याच्या अँटेनाने सिग्नल थोडा कमी दिला तरी चालते, मात्र नको असलेल्या दिशेचा गोंगाट त्याने रोखला पाहिजे. हॅरोल्ड बेव्हरेज यांनी १९२१ साली पेटंट घेतलेला अँटेना हेच साधतो, पण १.८२ मेगाहर्ट्झला तरंगलांबीच १६५ मीटर असल्याने त्याला शेतच लागते.

एकटा उभा लूप आपल्या प्रतलातील दोन्ही दिशांना सारखाच ऐकतो. महाराष्ट्रातून युरोप साधारण वायव्येला आहे, म्हणून एक मीटर व्यासाचे दोन एकसारखे लूप, प्रत्येकी एकसारख्या ॲम्प्लिफायरसह, वायव्य-आग्नेय रेषेवर एकमेकांपासून २० मीटरवर, दोघांचेही प्रतल त्याच रेषेत ठेवून उभे करावेत. आग्नेयेकडून आलेली लहर आधी आग्नेयेच्या लूपला भेटते आणि नंतर वायव्येच्या. पहिल्या लूपच्या सिग्नलला तेवढाच उशीर लावला, आणि ट्रान्सफॉर्मरने एकाची ध्रुवता उलटवून दोन्ही सिग्नल एकत्र केले, तर ते परस्परांना खोडून टाकतात. उशिरासाठी साधी कोॲक्स केबल पुरते : तिचा व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधील सिग्नलचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती पट, तो आकडा) ०.६६ असल्यास २० मीटर अंतरासाठी १३.२ मीटर. हा उशीर वेळेचा असल्यामुळे बँड बदलला तरी केबल बदलावी लागत नाही, हे मला या रचनेचे सर्वांत मोलाचे अंग वाटते. रिले (विजेने चालणारा स्विच) वापरून हीच केबल दुसऱ्या लूपकडे वळवली की अँटेनाची दिशा उलटते.

खरी कसोटी दोन्ही बाजू जुळवण्याची आहे. दोन सिग्नलांच्या पातळीत दहा टक्के तफावत राहिली तरी मागच्या दिशेचा सिग्नल समोरच्यापेक्षा साधारण २० डेसिबलहून (म्हणजे पातळीच्या दहाव्या भागाहून) फार खाली जात नाही; म्हणून लूपपासून येणाऱ्या मुख्य केबली एकाच प्रकारच्या आणि समान लांबीच्या असाव्यात. केबलीच्या बाहेरच्या आवरणावरून घरातील एलईडी दिव्यांचा आणि इन्व्हर्टरचा गोंगाट अँटेनापर्यंत पोहोचतो, तो अडवण्यासाठी फेराइट चोक (केबलीवर बसवायची चुंबकीय पदार्थाची कडी) आवश्यकच आहेत. मान्सूनपूर्व दिवसांत जवळच्या वादळांचा कडकडाट रात्री बऱ्याच उंच कोनातून येतो. ही जोडी मागची दिशा क्षितिजालगतच दाबते, म्हणून ती त्याला पूर्ण अडवू शकणार नाही. प्रक्षेपण चालू असताना लूप रिलेने तोडावेत, अन्यथा ॲम्प्लिफायर जळण्याचा धोका असतो.

प्रश्न : हीच जोडी ४० मीटर बँडवर चालेल का? (तेच वाचक)

उत्तर : २० मीटर अंतर ठेवल्यास चालणार नाही. ७.१ मेगाहर्ट्झला हे अंतर जवळजवळ अर्धी तरंगलांबी होते आणि समोरून येणारा सिग्नलही बराचसा खोडला जातो. अंतर १० मीटर आणि उशिराची केबल ६.६ मीटर केल्यास तिन्ही बँड सांभाळता येतात; मात्र १६० मीटर बँडवर एकट्या लूपच्या पाऊणपटच सिग्नल मिळतो आणि दोन्ही बाजू अधिक काटेकोरपणे जुळवाव्या लागतात. आपले लक्ष १६० मीटर बँडवर असेल, तर अंतर २० मीटरच ठेवावे.