व्हाउचर मिळाले, पण चेक कुठे?

वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील ऊर्जा-स्टार्टअप आणि सरकारी व्हाउचर

प्रश्न : आमची चौघांची छोटी बॅटरी कंपनी आहे. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या २ लाख डॉलरच्या व्हाउचरसाठी निवड झाल्याचे पत्र आले. महिना उलटला तरी खात्यात एक डॉलर जमा झालेला नाही. कुणाकडे चौकशी करावी?

उत्तर : चौकशी करू नका, जमा होणारच नाही. व्हाउचर म्हणजे अनुदान नव्हे. ही रक्कम सरकारकडून थेट राष्ट्रीय प्रयोगशाळेला जाते. तुमच्या वाट्याला येतात ते तिथल्या शास्त्रज्ञांचे तास, यंत्रांवरची वेळ आणि शेवटी अहवाल. ऊर्जा खात्याने २०१५ मध्ये छोट्या उद्योगांसाठी ५० हजार ते ३ लाख डॉलरची व्हाउचरे प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली, तेव्हाही हीच पद्धत होती. अणुऊर्जेसाठी आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेमार्फत चालणारा ‘गेन’ उपक्रमही तसाच. ‘अमेरिकन-मेड’ सौर स्पर्धेत रोख बक्षीस मिळते आणि प्रयोगशाळेचे व्हाउचरही मिळते, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. पण ते दोन वेगळे खिसे आहेत. पगार, भाडे, कच्चा माल यांची सोय दुसरीकडून करा.

महिनाभरात काहीच हलले नाही याचे खरे कारण वेगळे असावे. पत्रानंतर प्रयोगशाळेशी सहकार्य करार व्हावा लागतो. त्याला तिथे सगळे ‘क्राडा’ म्हणतात. कामाचा तपशील, खर्चाची विभागणी, बौद्धिक संपदा, सगळे त्यात येते आणि तो दोन्हीकडच्या वकिलांच्या टेबलांवरून फिरतो. तीन-चार महिने सहज जातात. त्या काळात रिकामे बसू नका. पुढच्या उत्तरातली तयारी आताच करायची असते.

प्रश्न : सेलच्या १००० सायकलची (एकदा चार्ज आणि एकदा डिस्चार्ज म्हणजे एक सायकल) चाचणी मागितली होती. प्रयोगशाळा म्हणते, वर्षभरात बसणार नाही. ही टाळाटाळ नाही का?

उत्तर : नाही. हिशेब मांडून पाहा. सी/३ गतीने, म्हणजे सेल तीन तासांत पूर्ण भरेल किंवा रिकामा होईल अशा गतीने, चार्ज व्हायला ३ तास, डिस्चार्जला ३, आणि दोन्हींनंतर अर्धा-अर्धा तास विश्रांती. एका सायकलला ७ तास. १००० सायकलना ७००० तास, म्हणजे २९२ दिवस, तेही यंत्र एकदाही बंद न पडता. शिवाय दर १०० सायकलनंतर क्षमता मोजायला संथ चाचणी घ्यावी लागते. करारात गेलेले महिने यात मिळवा, वर्ष संपले.

मग १सी गतीने (एका तासात पूर्ण चार्ज) घ्या, असे कुणीतरी सुचवतेच. सायकल ३ तासांवर येते, १२५ दिवसांत काम उरकते. पण जाड इलेक्ट्रोडच्या सेलला ही गती झेपत नाही. सेल तापतो, अ‍ॅनोडवर (सेलच्या ऋण टोकावर) लिथियमचा थर बसू लागतो आणि ग्राहकाच्या वापरात जे कधी घडलेच नसते त्या कारणाने सेल मरतो. असा अहवाल हातात येण्यापेक्षा न आलेला बरा.

आमच्या मते ५०० सायकल सी/३ गतीने २५ अंश सेल्सियसला घ्या (१४६ दिवस). त्याच वेळी दुसरा गट ४५ अंशाला त्याच गतीने चालवा आणि तिसरा पूर्ण चार्ज करून ४५ अंशाला नुसता ठेवून द्या. प्रत्येक गटात तीन सेल, म्हणजे ९. वर ३ राखीव. एकाच सेलवरून काहीच सिद्ध होत नाही. सगळे सेल एकाच बॅचचे हवेत, आणि त्या बॅचमधले काही स्वतःकडे ठेवा. निकाल विचित्र आला तर ते उघडून तुलना करता येते.

कामाच्या तपशिलात ‘सेलची कामगिरी तपासणे’ असे मोघम लिहिले की तास कसे संपले ते कळतही नाही. त्याऐवजी असे लिहा : ‘२५ अंशाला सी/३ गतीने ५०० सायकलनंतर उरलेली क्षमता मोजणे, ती ८० टक्क्यांखाली गेल्यास चाचणी थांबवून सेल उघडणे.’ तुमचा पहिला ग्राहक जो आकडा मागणार आहे तोच इथे यायला हवा.

बाकी आठवडे वाया जातात ते क्षुल्लक गोष्टींपायी. पाउच सेलचे (पाकिटासारख्या चपट्या सेलचे) टॅब, म्हणजे जोडणीच्या धातूच्या पट्ट्या, प्रयोगशाळेच्या क्लॅम्पमध्ये बसत नाहीत. दाब देणारी चौकट कुणी पाठवलेलीच नसते, सेल फुगतो आणि निकाल निकामी होतो. टॅबची लांबी-रुंदी आणि लागणारा दाब आधीच कळवा, चौकट सोबत द्या. आणखी एक : यूएन ३८.३ ही लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठीची सुरक्षा चाचणी न झालेले नमुना-सेल विमानाने पाठवायला खास मंजुरी लागते. रस्त्याने पाठवता येतात, पण त्यांच्या पॅकिंगचे नियम वेगळे आहेत.

प्रश्न : प्रकल्पाच्या खर्चात आमचा वाटा २० टक्के आहे. २ लाखांवर ४० हजार, बरोबर ना?

उत्तर : इथेच बहुतेक जण चुकतात. वाटा सहसा एकूण प्रकल्प खर्चावर मोजतात. सरकारचे २ लाख हे ८० टक्के धरले तर एकूण खर्च अडीच लाख आणि तुमचा वाटा ५० हजार. तो रोखच द्यावा लागतो असे नाही. कर्मचाऱ्यांचे तास, पाठवलेले सेल, स्वतःच्या यंत्रांचा वापर हेही धरले जाते, फक्त नोंदी पहिल्या दिवसापासून हव्यात. करारापूर्वीचा खर्च आणि दुसऱ्या संघीय अनुदानातला पैसा साधारणपणे चालत नाही.

प्रश्न : आमचे रसायन प्रयोगशाळेला दाखवले तर गुपित राहील का?

उत्तर : करारापूर्वी तपशील सांगायचाच असेल तर आधी गोपनीयता करार करा. नंतर, तुमची आधीची माहिती ‘मालकीची’ असा शिक्का मारून द्या. शिक्का नसलेल्या कागदाला संरक्षण मागणे अवघड जाते. क्राडामधून निघालेली नवी माहिती ५ वर्षांपर्यंत गोपनीय ठेवता येते. शोध लागला तर ज्याच्या माणसाने लावला त्याची मालकी, संयुक्त असेल तर दोघांची, असा सर्वसाधारण नियम. सरकारला स्वतःच्या वापराचा हक्क राहतो. एक कलम मात्र नीट वाचा : करारातून आलेल्या तंत्रज्ञानाचे उत्पादन मुख्यतः अमेरिकेतच करण्याची अट. सेल बाहेरून बनवून घ्यायचा बेत असेल तर सहीआधी बोला.

प्रश्न : माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. चाचणीच्या वेळी हजर राहता येईल?

उत्तर : येईल, पण ऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळांत ग्रीन कार्डधारकही परदेशी नागरिकच धरतात. वेगळी मंजुरी लागते आणि तिला आठवडे लागतात, कधी महिनेही. अर्ज कराराबरोबरच टाका.

प्रश्न : अहवाल चांगला आला. वेबसाइटवर ‘राष्ट्रीय प्रयोगशाळेने प्रमाणित’ लिहू का?

उत्तर : नको. मोजमाप म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. यूएल (उत्पादनांची सुरक्षा तपासणारी संस्था) देते तसे प्रमाणपत्र वेगळ्या चाचण्यांतून, वेगळ्या खर्चाने मिळते. ‘अमुक परिस्थितीत इतक्या सायकलनंतर इतकी क्षमता उरली’ असे लिहा. प्रयोगशाळेचे नाव आणि बोधचिन्ह वापरायला तिची लेखी संमती लागते, तेव्हा मजकुराचा मसुदा आधी त्यांच्याकडे पाठवा.